सदतीस गोधड्यांचा हॉल

रामनाथांच्या पुंडलिकविषयी मुर्धा गावात पहिली बातमी अशी सांगतात, की सदुसष्ट सालच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्याने गावातल्या पन्नास गोधड्या पळवल्या, बोरिवलीच्या बाजारात विकल्या आणि एका नाटकातल्या बाईला मनगटी घड्याळ घेऊन दिलं. बातमी झकास आहे, पण तिच्यात खरं फार कमी. गोधड्या पन्नास नव्हत्या, सदतीस होत्या. त्या चोरल्या नव्हत्या, घरोघरच्या बायकांनी घड्या करून हातात दिल्या होत्या. फक्त नवऱ्यांना विचारलं नव्हतं, कारण गोधडीच्या बाबतीत नवऱ्याला विचारायची पद्धत आपल्याकडे नाही. बोरिवली तर राहिलीच, त्या गोधड्या दोनशे पावलांपलीकडे गेल्या नाहीत. आणि नाटकातल्या बाईचं म्हणाल, तर त्या वयात समोरून बाई आली की पुंडलिक कुंपणाकडे तोंड करून उभा राहायचा. घड्याळ मात्र होतं. त्याचं स्वतःचं, आणि तेही बंद.

त्याचं खूळ सुरू झालं मिठाच्या गोदामात. रामनाथांची खाडीकाठी तीन मिठागरं. गोदाम रिकामं असलं की आत एकाने खोकलावं आणि चौघांना खोकला झाल्यासारखं वाटावं. तेच छतापर्यंत पोती लागली, की आतली बोंब उंबऱ्यापर्यंत यायची नाही. हे सगळ्या गावाला माहीत होतं. गावाने त्यातून एवढाच बोध घेतला, की नवराबायकोने भांडायचं तर भरल्या गोदामात. पुंडलिक मात्र चौदाव्या वर्षी पोती मोजायला लागला. किती पोत्यांवर चौघांचा खोकला दोघांचा होतो आणि किती पोत्यांवर एकाचा, हे त्याने गोदामाच्या दारावर कोळशाने लिहून ठेवलं. रामनाथांना वाटलं, पोरगा हिशेबात हुशार निघाला. ते आठवडाभर खुशीत होते.

पुढे तो भाईंदरच्या विठू माइकवाल्याबरोबर लग्नाकार्याला जायला लागला. विठूकडे दोन कर्णे, एक मशीन आणि एक माइक. त्याचा सगळा धर्म एका वाक्यात मावायचा: आवाज शेजारच्या राई गावापर्यंत गेला पाहिजे. पुंडलिक म्हणायचा, राईला जाऊ दे रे, पण मांडवात बसलेल्याला शब्द कळू देत. यावरून दोघांची दर लग्नात जुंपायची आणि दर लग्नात जेवणाच्या पंगतीवर मिटायची.

सहासष्ट साली पुंडलिकला कुठून तरी कळलं, की मुंबईत एका तंत्रशाळेत आवाजाचं रीतसर शिक्षण देतात. तीन वर्षं. खोलीत आवाज कसा फिरतो, भिंत त्याला कशी परतवते, माइक कुठे ठेवायचा, सगळं. तो फॉर्म घेऊन आला. फॉर्मवर पालकाची सही हवी होती, आणि पालक रामनाथ होते.

रामनाथांनी फॉर्म उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. आवाज ही शिकायची गोष्ट आहे हेच त्यांना पटेना. त्यांच्या मते तो माणसाला जन्मतः मिळतो आणि बायकोला जास्त मिळतो. त्यांनी फॉर्म देवाच्या फळीवर गणपतीमागे सरकवून दिला. वर्षभर तो तिथे धूप खात पडला.

इकडे रामनाथ दुसऱ्याच नादात होते. गावकीने हॉल बांधायला घेतला होता आणि कमिटीचे अध्यक्ष तेच. खाली गुळगुळीत लादी, वर सिमेंटचे पत्रे, भिंतींना पोपटी ऑइलपेंट. असा हॉल भाईंदरातही नाही, असं ते भाईंदरात जाऊन सांगायचे. उद्घाटन दसऱ्याला ठरलं होतं, पण गावातल्या शालनच्या मुलीचं लग्न वैशाखात आलं, ते उद्घाटनाआधीच हॉलमध्ये उरकून घेतलं, आणि घोळ उघडा पडला. भटजी 'सावधान' म्हणाले की भिंती 'सावधान' म्हणायच्या, मग पत्रे म्हणायचे. नवरदेवाला तीन-तीनदा सावध करूनही तो पळाला नाही, तेव्हा मुलगा गुणी असावा, असं बायकांचं मत पडलं. बाकी मंगलाष्टकं कोणत्या भाषेत होती ते कुणालाच कळलं नाही. अक्षता आपल्या अंदाजाने पडत राहिल्या.

रामनाथांचा चेहरा उतरला. दसऱ्याला जिल्ह्याहून साहेब येणार होते आणि अध्यक्ष म्हणून रामनाथांचं भाषण होतं. आयुष्यातलं पहिलंच. ते पाठ करायला त्यांनी तेव्हापासूनच घेतलं होतं, आणि ते कुणाला कळणारच नसेल तर त्यात आणि मंगलाष्टकांत फरक काय राहिला? पुंडलिकने संधी साधली. म्हणाला, हॉल मी नीट करून देतो, तुम्ही सही करा. रामनाथांनी दोन दिवस विचार केला आणि ओट्यावर महिपतच्या देखत अट घातली. महिपत कमिटीचा सेक्रेटरी, त्याने ती वहीत टिपूनही घेतली.

"शेवटच्या रांगेत तुझी आय बसल. तिला माझा शबूद न् शबूद आयकू आला, तर सही. न्हाय आला, तर फावडा घे नि मुकाट आगरात चल."

पुंडलिकला वाटलं, यात काय आहे, गोदामाचं गणित पाठ आहे. श्रावणात त्याने गोदामातली साठ रिकामी पोती काढली आणि हॉलच्या भिंतींवर खिळ्यांनी टांगली. हॉलमध्ये उभं राहून टाळी वाजवली. टाळी एकदाच वाजली. त्याने आणखी एकदा वाजवली, नुसती सुखासाठी. संध्याकाळी चाचणी म्हणून भजन ठेवलं.

पण ती पोती मिठाची. पंधरा वर्षं मीठ वाहून वाहून त्यांच्या दोऱ्यादोऱ्यात मीठ बसलेलं, आणि दिवस श्रावणाचे. मिठागरवाल्याच्या घरी जन्मलेल्या माणसाला पावसाळ्यात मीठ पाणी सोडतं हे सांगावं लागावं, म्हणजे कमालच. दुसऱ्या अभंगाला पोत्यांतून थेंब टपकायला लागले. लवूचा तबला नेमका भिंतीकडेला. तिसऱ्या अभंगाला तो भिजल्या भाकरीसारखा वाजू लागला आणि चौथ्याला वाजायचाच थांबला. पोती काढली तेव्हा पोपटी भिंतींवर पांढऱ्या मिठाची नक्षी उठलेली. रामनाथ त्या नक्षीसमोर येऊन उभे राहिले.

"आगरात जायाचा नको म्हनून आता भितीवर मीठ पिकवतो का रं?"

झालं. पुंडलिकने भिंती गोड्या पाण्याने चार वेळा धुतल्या. लवू त्याच्याशी महिनाभर बोलला नाही. दसरा जवळ आला आणि डोक्यात काही येईना. आलं ते आईमुळे. पाऊस ओसरल्यावर इंदुबाईने घरातल्या सगळ्या गोधड्या अंगणात दोरीवर वाळत टाकल्या होत्या. पुंडलिक त्यांच्या दोन रांगांमधून चालला होता आणि ओट्यावरून आई त्याला शिव्या देत होती. गोधड्यांच्या आत शिरल्यावर शिव्या एकदम मऊ झाल्या. तो थांबला. बाहेर आला, पुन्हा आत गेला. म्हणाला, आये, अजून जरा दे. इंदुबाईने मन लावून दिल्या.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी मायलेक घरोघर फिरले. पुंडलिक कुंपणाकडे तोंड करून उभा, बोलायचं काम इंदुबाईचं. तिने प्रत्येकीला एकच सांगितलं: तुझी गोधडी स्टेजजवळ लावू. मग काय विचारता. शालनने लुगड्याच्या काठांची, अजून एकदाही न पांघरलेली गोधडी पेटीतून काढली. ते बघून शेजारच्या मंदाने आपली काढली, जिच्यात सासऱ्याच्या खाकी अर्ध्या चड्डीचा तुकडा अख्ख्या खिशासकट होता. धर्माजीच्या बायकोने नवऱ्याची रोजची दिली, मधोमध विडीने जळलेल्या भोकासकट. धर्माजी दुपारी आडवा व्हायला गेला, गोधडी नाही. त्याने अंगणात येऊन 'चोर, चोर' केलं, आणि बोरिवलीच्या बाजाराची बातमी जन्माला आली ती इथे. धर्माजीला पुढे कळलं, पण बातमीला कोण कळवणार?

हा धर्माजी म्हणजे हॉलला पंखे देणारा. तीन पंखे दिले होते त्याने, आणि प्रत्येक पंख्याच्या प्रत्येक पात्यावर लाल रंगाने स्वतःचं नाव घातलं होतं. पंखा बंद असला तरच ते वाचता यायचं, म्हणून तो कुणाला पंखा लावू देत नसे.

दसऱ्याला हॉल भरला. निम्म्या बायका आपली गोधडी कुठे लागली ते बघत होत्या आणि उरलेल्या दुसरीच्या गोधडीत कशाचे तुकडे आहेत ते बघत होत्या. जिल्ह्याचे साहेब मंदाच्या सासऱ्याच्या खिशासमोर बसले होते. पुंडलिकने विठूला मशीनचं बटण अर्ध्यावर ठेवायला लावलं आणि एक कर्णा बंदच करायला लावला. विठूचा जीव तुटत होता. तो म्हणाला, हळू बोलायला लोक मला कशाला बोलावतील?

रामनाथ उभे राहिले. पहिलं वाक्य सुटलं आणि हॉलच्या टोकाला जाऊन तिथेच राहिलं. परत आलं नाही. पुंडलिक मागच्या दाराशी उभा होता, त्याने डोळे मिटून घेतले. शब्द सुटे सुटे, निवडलेल्या तांदळासारखे येत होते. मुर्ध्यात एवढी शांतता कुणी ऐकली नव्हती. शेवटच्या रांगेत इंदुबाई मान डोलावत होती. भाषण संपलं, टाळ्या झाल्या, रामनाथ खुर्चीवर बसले, आणि माइक त्यांच्यापुढच्या टेबलावर चालूच राहिला.

मग धर्माजीचा सत्कार. साहेबांनी हार उचलला. रामनाथ शेजारच्या महिपतकडे झुकले आणि आपल्या समजुतीने अगदी कानात बोलले.

"पंखे दिले तीन, नावा लिवली नऊ. ह्यो मेल्यावर तिरडीच्या बांबूंवर पन नाव टाकील."

वैशाखात हे वाक्य पत्र्यांत फिरून फिरून मेलं असतं. त्या दिवशी ते नीट, स्वच्छ, शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. हसायला सुरुवात कुणी केली ते ठरलेलं नाही. धर्माजीची बायको होती असं म्हणतात. धर्माजी हार गळ्यात तसाच ठेवून खाली उतरला, भिंतीपाशी गेला, आपली जळक्या भोकाची गोधडी खिळ्यावरून ओढली, खांद्यावर टाकली आणि निघून गेला. बापाची अब्रू हॉलभर सांडली होती, आणि पुंडलिक मात्र त्या उघड्या पडलेल्या भिंतीकडे बघत होता. तिथून हसण्याचा आवाज हलकासा परत येत होता. एका गोधडीचा एवढा फरक पडतो, हे त्याला गोदामात कधी कळलं नव्हतं.

घरी आल्यावर रामनाथांनी सही करणार नाही म्हणून जाहीर केलं. अट भाषणाची होती, म्हणाले, आणि ह्या पोराने मला गावात उघडा पाडला. पुंडलिक कोपऱ्यात ठेवलेल्या फावड्याकडे बघत उभा राहिला. इंदुबाईने गणपतीमागून फॉर्म काढला, धुपाची काजळी पदराने पुसली आणि नवऱ्यापुढे ठेवला.

"अट शेवटच्या रांगची व्हती. मना सगला आयकू आला. भाशन पन, नि तुमच्या पोटातला पन. करा सही."

रामनाथांनी सही इतक्या जोरात केली, की कागद फाटला. तंत्रशाळेतल्या कारकुनाने तो मागून पट्टी चिकटवून घेतला.

पुंडलिक शिकला. मग एका रेकॉर्डिंग स्टुडिओत तो दोन वर्षं वायरी गुंडाळत होता, तिसऱ्या वर्षी त्याला मशीनला हात लावू दिला. पुढे थिएटरांचे आणि सभागृहांचे आवाज दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत लागला. कुठेही शिरला की आधी टाळी वाजवतो. राईला मुलगी बघायला गेला तेव्हा पोहे यायच्या आधी त्याने ओटीवर टाळी वाजवली, घरच्यांना वाटलं पाणी मागतोय. आशा, म्हणजे आता त्याची बायको, अजून म्हणते, यांनी मला नंतर पाहिलं, आधी आमचं छप्पर पसंत केलं.

सत्याहत्तरला हॉलला दहा वर्षं झाली. पुंडलिकने स्वतः येऊन भिंतींना काथ्याचे तक्ते आणि वर लाकडी पट्ट्या लावून दिल्या. मंदाचा खिसा वगैरे सगळं कधीच आपापल्या घरी गेलं होतं. कार्यक्रमाच्या सकाळी तो शिडीवर चढून शेवटची पट्टी ठोकत होता. खाली रामनाथ आले. त्यांनी टेबलावरचा माइक आधी उचलून दुसऱ्या टोकाला ठेवला, वर त्यावर टोपी घातली, आणि मग बोलायला सुरुवात केली. दहा वर्षं झाली, म्हणाले, धर्माजी समोरून आला तर रस्ता बदलतो, नि ह्या सगळ्याला तू कारन हाय, तू नि तुझ्या गोधड्या.

पुंडलिकने खिळा पूर्ण ठोकला, हातोडी कमरेला खोचली आणि वरूनच म्हणाला,

"दादा, भितींचा काम माझा व्हता. तोंडाचा तुमचा."