डाव्या अंगाचं दूध

“ही साधी गाठ नाही. कॅन्सर आहे.” डॉक्टर हे बोलले ते शेवंताकडं बघून. नवरा मी. फेटा बांधून तिच्या शेजारी उभा होतो, पण माझ्याकडं त्यांनी मान वळवली न्हाई. रोगाचं भ्या मला मागून वाटलं. आधी त्या माणसाचा हेवा वाटला. लाज वाटते, पण झालं तसंच लिहितो. माझ्यासारखे अकडू नवरे अजून गावोगाव आहेत आणि त्यांच्याही घरात तरण्या बायका आहेत.

आमचं गाव तेरजवळ. निजामाचं राज्य जाऊन बारा-तेरा वर्षं झाली होती. शेवंता अठ्ठावीस वर्षांची. दोन पोरं मोठी झालेली, तिसरी पोरगी अंगावर पीत होती. तिच्या डाव्या बाजूला काखेकडं आवळ्याएवढी गाठ लागली. माझी आई म्हणाली, “दुधाची गाठ हाय, फणी फिरीव.” दूध साखळलं की आमच्याकडच्या बायका लाकडी फणी ऊन करून वरून खाली ओढतात. बहुतेक वेळा दूध मोकळं होतं. शेवंताला आठ महिने फणी फिरली.

यातलं मला काही ठाऊक न्हवतं. बायकांचं दुखणं पुरुषाच्या कानावर घालायचं नसतं, हीच आमची रीत. कातडी आत ओढली, चोळीला डाग पडायला लागले, तेव्हा आईनं सांगितलं. मी पोरगी आईपाशी ठेवली, शेवंताला छोट्या रेल्वेत घातलं आणि मिरजेच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर चाळिशीचे, सडपातळ, हात धुऊन धुऊन पांढरे पडलेले. पडद्याआड नर्सबाईला बोलावून त्यांनी शेवंताला तपासलं. मी पडद्याकडं बघत दात खात होतो. मग ते कागद घेऊन बसले आणि तिला एकेक विचारायला लागले. ती तोंड उघडायच्या आत मी जबाब देत होतो.

“गाठ किती दिवसांची?”

“महिना झाला.”

“किती वेळा दिवस गेले?”

“तीनदा. तिन्ही लेकरं जिवंत.”

“मध्ये कधी गर्भ पडला?”

“आमच्या घरात तसलं काही न्हाई.”

“पाळी कितव्या वर्षी आली?”

हे मात्र मला ठाऊक न्हवतं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “काका, तुम्ही जरा बाहेर बसा.” तिशी-पस्तिशीतल्या माणसाला काका म्हणाला! मी व्हरांड्यात गेलो.

दार लोटलेलं होतं. आत शेवंताचा आवाज चालूच. घरात माझ्याशी ती ‘हूं’ आणि ‘न्हाई’ यापलीकडं बोलत न्हवती. आणि इथं परक्या माणसापुढं अर्धा तास! मधेच ती हसली. तसं हसताना मी तिला कधी ऐकलं न्हवतं.

दुसऱ्या दिवशी बायोप्सी झाली. बायोप्सी म्हणजे गाठीचा तुकडा काढून काचेखाली बघणं. जबाब यायला चार दिवस लागले. बायकांच्या वॉर्डात मला सकाळ-संध्याकाळ तेवढं जाता येई. उजव्या बाजूचं दूध भरून तिची चोळी भिजायची आणि ती भिंतीकडं तोंड करून पोरीला आठवत बसायची. डॉक्टर मात्र केव्हाही यायचे-जायचे. तेही मला टोचायचं.

पाचव्या दिवशी त्यांनी कॅन्सरचं नाव घेतलं आणि कागद वाचला. “पाच वेळा गरोदर. पहिल्या मुलाआधी दोन गर्भ पडले. गाठ आठ महिन्यांची.”

पाच? म्हणजे लग्नानंतर ती दोनदा जत्रेच्या नावानं परंड्याला माहेरी गेली होती, ती त्यासाठी. माझ्या आईला ठाऊक, तिच्या आईला ठाऊक, आता या डॉक्टराला ठाऊक. मला न्हाई. मी तिचं गाठोडं उचललं आणि म्हणालो, “चल. गावाकडं वैद्य हायेत.”

डॉक्टर म्हणाले, “आज नेलंत तर परत आणायची वेळ राहणार नाही.” मी ऐकलं न्हाई. ती स्टेशनापर्यंत मागनं आली.

गाडी लागली तशी ती बाकावर बसली. “तुमी जावा. मी येत न्हाई.”

“त्या परक्याला समदं सांगितलंस. अकरा वर्षं मी घरात हाय, मला?”

“त्यांनी इचारलं.”

“मी इचारलं असतं तर सांगितलं असतंस?”

तिनं थोडा विचार केला. “न्हाई. लाजले असते. पर बरं वाटलं असतं.”

“अन् हसलीस कशाला?”

“त्यांनी इचारलं, मालक मारत्यात का? म्हनलं, मारत न्हाईत, फुगत्यात.”

मग ती माझ्याकडं न बघता म्हणाली, “पोरगी डावं अंग तोंडात धरत न्हाई. दिवाळीपासनं. रडून तोंड फिरवती. लेकराला कळलं ते, तुमास्नी न्हाई कळलं.”

छोटी गाडी सुटली. मी गाठोडं उचललं आणि दवाखान्याच्या वाटेनं पुढं चालायला लागलो.

डॉक्टरांनी टोमणा मारला न्हाई. मी उभ्यानंच विचारलं, “ते दोन गर्भ पडले म्हणून झालं का हे?”

“नाही. त्याचा दोष तिला देऊ नका, स्वतःलाही देऊ नका. लवकर मुलं झाली, अंगावर पाजलं, की हा रोग कमी होतो असं आम्ही मानतो. पण कमी होतो म्हणजे होतच नाही असं नाही. पाजत्या बाईला गाठ आली की सगळे दूधच समजतात. घात तिथं होतो. मूल एका बाजूला पिईना झालं तरी दाखवायला यायचं.”

ऑपरेशन दोन करायची होती. एकात स्तन आणि काखेतल्या गाठी काढायच्या. दुसऱ्यात ओव्हरी, म्हणजे बाईच्या बीजाच्या पिशव्या. त्यांच्या रसावर ही गाठ पोसते, असं ते म्हणाले. पुन्हा मूल होणार न्हाई. हे सांगताना ते तिच्याकडंच बघत होते. शेवंतानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, “तुझं अंग हाय. तू सांग.” तिनं अंगठा दिला. तिला बोलू द्यायचं, एवढं शहाणपण मला त्या स्टेशनावर आलं होतं.

दोन्ही ऑपरेशनं होऊन घरी आलो तेव्हा तिचा डावा हात सुजलेला, खांद्याच्या वर जात न्हवता. वेणी घालता येईना. आई थकलेली. मग मी रोज सकाळी तिच्या मागं बसून केस विंचरायला लागलो. आधी अंबाडा सुटायचा. शेवंता म्हणायची, “नर्सबाईंचा हात हलका व्हता.” मला नर्सबाईचाही हेवा वाटायचा आणि मी आणखी नेटानं बांधायचो. शेजारच्या बाया दारातनं हसायच्या, “पाटील, आता कुकू बी तुमीच लावा!” मी लावलं.

सहा-सहा महिन्यांनी तपासायला मिरजेला जायचो. ती ठेवणीतलं लुगडं नेसायची. मी जळायचो, पण तिकिटं मीच काढायचो, आणि डॉक्टर तिच्याशी बोलायला लागले की न सांगता बाहेर जाऊन बसायचो.

शेवंता पुढं आठ वर्षं जगली. पोरगी शाळेत जाताना तिनं बघितली. ती वर्षं त्या डॉक्टरांनी दिली. त्यांचे उपकार मी मानतो.

पण पाठमोरी बसली की तिला बोलायला सोपं जायचं. आठ वर्षं, रोज सकाळी, केसांत फणी असताना ती बोलली. लहानपणाचं, त्या दोन न झालेल्या लेकरांचं, माझं. ते डॉक्टरांच्या कागदात न्हाई. इथंही लिहिणार न्हाई.