हिरडीच्या तुकड्यातला उजेड

ऐंशीच्या दशकात मी चंद्रपूरच्या एका दवाखान्यात, प्रयोगशाळेत होतो. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या काचपट्ट्या रंगवण्यात माझा हात कुणी धरत नसे. मग धानोऱ्याकडच्या जंगलगावातली एक मुलगी नोकरीला लागली. कमी बोलणारी, नीट काम करणारी. डॉक्टर तिचं कौतुक करायचे आणि माझ्या पोटात दुखायचं.

अहेरीकडची एक म्हातारी भरती झाली. जुना कुष्ठरोग, तळपायाला न भरणाऱ्या जखमा, अंगावर सूज, लघवीतून प्रथिनं जाणारी. डॉक्टरांना अमिलॉइडचा संशय आला, म्हणजे बिघडलेल्या प्रथिनांचे धागे अवयवांत साचण्याचा. तिच्या हिरडीचा तुकडा माझ्याकडे आला. मी त्याचे पातळ काप केले, एक अमिलॉइडला चिकटणाऱ्या काँगो रेड रंगानं रंगवला आणि लिहून दिलं, काही नाही.

"भाऊ, अल्कोहोलमध्ये लय वेळ राह्यली काय पट्टी?" मुलीनं विचारलं. "रंग धुऊन गेला असन."

"मले शिकवून राह्यली काय तू?"

ती आपल्या टेबलाकडे वळली. पट्टी अल्कोहोलमध्ये तशीच ठेवून मी चहाला गेलो होतो, हे मला पक्कं ठाऊक होतं.

डॉक्टरांचा संशय जाईना. त्यांनी उरलेले काप देऊन तिलाच नागपूरला पाठवलं. तिथं फ्लुरोसन्सचा, म्हणजे अंधारात चमकणारे रंग दाखवणारा सूक्ष्मदर्शक होता. मी तो कधी पाहिलाही नव्हता. तीन दिवस मी मनात एकच म्हणत होतो, काही निघू नये. म्हातारीची आठवणही झाली नाही.

ती आली ती धावतच. "भाऊ, थायोफ्लेविन नावाचा रंग टाकला. सारं काळं, अन् रक्तवाहिनीच्या भिंती पिवळ्या-हिरव्या चमकून राह्यल्या! सुटा रंग उजेडच देत नाई म्हणे. धाग्याले चिकटला का मंगच चमकते."

असं का होतं, ते मी कित्येक वर्षांनी वाचलं. त्या रंगाच्या सुट्या रेणूचे दोन भाग गरगर फिरतात, घेतलेली ऊर्जा त्यातच उडून जाते. धाग्याच्या खाचेत तो रेणू जखडला, की तीच ऊर्जा उजेड होऊन बाहेर पडते.

डॉक्टरांसमोर ती म्हणाली, "तुकडा भाऊनं लय बारीक कापला होता, म्हणून इतकं साफ दिसलं."

तिचा तो मोठेपणा मला जास्त झोंबला. तरी मी चहाचं सांगून टाकलं. डॉक्टर रागावले, मग म्हातारीच्या जखमांच्या मागे लागले; वर्षानुवर्षं चिघळणाऱ्या त्या जखमांमुळेच धागे साचत होते. जखमा भरल्या, सूज थोडी उतरली, ती घरी गेली.

पुढच्या वर्षी मुलीची बदली नागपूरला झाली, त्याच सूक्ष्मदर्शकावर. निरोपाच्या दिवशी मी रजा टाकली.