शेवग्याच्या बुडाशी

मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं मला फसवलं आणि मी जुन्नरच्या हमिदाबींना फसवलं. पहिली गोष्ट मी ओतूरच्या बाजारात भेटेल त्याला सांगत आलो. दुसरी आजवर कुणालाच नाही — बायकोलाही नाही.

कांद्याच्या दलालीतून वर आलेला माणूस मी. हातात पैसा खेळू लागला तसा मला जुन्या पोस्टरांचा नाद लागला — त्यातही विनोदी मूकपटांच्या. मला मिळालेलं पहिलंच चांगलं पोस्टर तो व्यापारी तपासून देतो म्हणून घेऊन गेला, आणि खराब झालं म्हणून मोकळा झाला. पुढं ते दुसऱ्याच्या भिंतीवर दिसलं. किती आरडाओरडा केला मी! पण — खरं सांगू? — त्याची युक्ती मी तेव्हाच शिकून ठेवली.

हमिदाबींच्या घरी लाकडी पेटीच्या झाकणाला आतून एक पोस्टर चिकटवलेलं होतं. जत्रेतल्या सिनेमाच्या तंबूसाठी हातानं रंगवलेलं. वाकड्या टोपीचा माणूस, डोक्यावर पिठाचं पोतं फुटलेलं, आणि तोंडभर हसू. रंगवणाऱ्यानं सिनेमातला तो नट कधी पाहिलाच नव्हता, म्हणून त्यानं तंबूत सिनेमाच्या मशीनचा दांडा फिरवणाऱ्याचा चेहरा काढला. तो हमिदाबींचा बाप. त्या रांगत होत्या तेव्हाच वारला. त्याचा फोटो एकही नाही.

मी भाव सांगितला. वाढवला. मग चिडून उठलो, दारापर्यंत गेलो — सौद्यात असं केलं की समोरचा हाक मारतो. त्यांनी मारली, पण चहासाठी.

"बापाला कुनी इकतं व्हय, भाऊ? बस, च्या घे. लई तापट हायेस."

विकत मिळेना ते मी दुरुस्तीला मागितलं. वाळवी कडेपर्यंत आलीच होती. त्यांनी झाकणच काढून दिलं, वरून आपलं जुनं लुगडं गुंडाळून.

कागद पाण्यात भिजवून मी अलगद सोडवला. सुरेख निघाला. आणि त्यांना जाऊन सांगितलं — विरघळला. रंग पाण्यात उतरला, हाती नुसता लगदा आला.

शिव्यांची तयारी ठेवून गेलो होतो. भांडणात मी हरत नाही. पण त्यांनी एवढंच विचारलं, "ते पानी कुठं वतलंस?"

तोंडाला आलं ते बोललो — राजुरीला, माझ्या घरच्या परसातल्या शेवग्याच्या बुडाशी.

त्या आल्या. एसटीनं, एकट्या, त्या वयात. शेवग्यापाशी हात पसरून काहीतरी पुटपुटल्या. बायकोनं पाण्याचा तांब्या आणून दिला, तो त्यांनी बुडाशी ओतला. मूठभर माती पदरात बांधली. निघताना माझ्या पाठीवर हात ठेवला.

"तुजा काय दोष न्हाई. मनाला लावून घिऊ नको."

तिथंच, खिडकीच्या आत, त्यांचा बाप काचेखाली हसत होता — बायकोच्या लेखी माझ्या पोस्टरांतलं आणखी एक. दार ढकललं असतं की संपलं असतं. मी काय केलं? शेवग्याच्या शेंगा काढून दिल्या त्यांना — भाजीला.

यंदा त्या गेल्या. ती माती त्यांनी जपून ठेवली होती. त्यांच्या सांगण्यावरून ती कबरीत टाकली, असं नातवानं मला फोनवर सांगितलं. वर माझे आभार मानले. मी — "असू द्या" म्हणालो.

त्या व्यापाऱ्यानं जाब द्यावा म्हणून मी गावभर ओरडलो. हमिदाबींसाठी ओरडणारं कुणी नाही, कारण कुणाला माहीतच नाही. म्हणून आता मीच समोर उभा राहून मला विचारतोय — दे जाब.

ते पाणी मी मोरीत ओतलं होतं. त्या मातीत काहीच नव्हतं.