खेळताईंनी लावलेलं कुलूप

आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत ज्यांच्या टेबलावर एकही कागद कधी जागेवर सापडला नाही, नेमकं त्यांच्याशीच माझं जमलं, याचं माझ्या घरच्यांना अजून नवल वाटतं. मी हिशेब आणि कार्यालय सांभाळणारा माणूस. पेन्सिलीसुद्धा टोकं एका दिशेला करून ठेवतो. खेळताईंच्या टेबलावर शर्टाची बटणं, रिकाम्या काडेपेट्या, सुतळीचे तुकडे आणि शेंगदाण्यांची फोलपटं. सफाईवाल्या बाई म्हणायच्या, "ह्यांचं टेबल पुसायचं की पेरायचं?"

खेळताई हे नाव त्यांना छपाईवाल्यांनी दिलं. त्यांचं काम होतं बातमीचा खेळ करणं. खेळ म्हणजे थट्टा नव्हे. वाचकानं फोनवर स्वतः हालचाली करून एखादा प्रश्न समजून घ्यायचा, अशी ती बातमी असायची. मला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "ताई, लोकांना वाचायला वेळ नाही, ते खेळतील कशाला?"

"काका, बसा इथं," त्या म्हणाल्या. "हे पिवळं बटण म्हणजे तुम्ही. टेकडीवर राहता. आता मला पाणी मागा."

संगणकाला हात लावण्याआधी सगळा खेळ टेबलावर मांडून बघायचा, ही त्यांची पद्धत. जो समोरून जाईल त्याला धरून बटण करायचं. त्या दिवशी काडेपेट्यांच्या टाक्या आणि सुतळीचे नळ करून त्यांनी शहराचं पाणी माझ्यासमोर वाटलं. टेकडीवरच्या माझ्या बटणाला थेंब मिळाला नाही आणि खालच्या बंगल्यांच्या बागा भिजत राहिल्या. मी चक्क भांडलो. त्याच विषयावरचा अग्रलेख मी सकाळी वाचला होता आणि दुपारपर्यंत विसरलोही होतो. तो पाण्याचा खेळ पुढे खूप गाजला. पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरनं फोन करून शिव्या घातल्या, तेव्हा ताईंनी सगळ्यांना चहा पाजला.

मग मालकांचे भाचे डिजिटल विभागाचे प्रमुख झाले. त्यांना आम्ही मागे भाचेसाहेब म्हणायचो. ते आल्यापासून बातमीला 'माल' म्हणायची रीत पडली.

त्याच सुमारास पिशव्या शिवण्याच्या एका कारखान्याला आग लागली. कामगार, बहुतेक बायकाच, वरच्या मजल्यावर होते. पुढच्या जिन्यानं पेट घेतला. खाली असलेला म्हातारा चौकीदार बाहेर पळण्याऐवजी त्याच जिन्यानं वर गेला आणि त्यानं मागचं दार उघडलं. दारामागच्या जिन्यात कारखान्याच्या मालकानं फोमचे गठ्ठे छतापर्यंत रचून ठेवले होते. माणसं तिथंच गुदमरली. चौकीदारही. त्याच्या हातात एक गठ्ठा होता आणि किल्ली दाराला तशीच होती. चौकशीच्या अहवालात हे सगळं आलं आणि आमच्याच बातमीदारानं ते आतल्या पानावर छापलं.

भाचेसाहेबांनी ताईंना सांगितलं, "यावर खेळ करा. वाचकाला धुरात उभं करा. रडला पाहिजे तो."

ताईंनी होकार दिला. त्यांना खरंच वाटत होतं की लोकांना तो जिना कळेल. बुटांच्या एका खोक्यात त्यांनी कारखाना मांडला. दार पुठ्ठ्याचं, गठ्ठे काडेपेट्यांचे, माणसं बटणांची, चौकीदार म्हणजे कोटाचं एक मोठं काळं बटण.

खेळ बाहेर आला तेव्हा मी तो फोनवर उघडला आणि मला शिसारी आली. धुरात शिवणयंत्रांमधून पळायचं. खोकल्याचा आवाज. मेलात की पडदा लाल, त्यावर 'पुन्हा प्रयत्न करा' आणि खाली गाद्यांची जाहिरात. मऊ फोमच्या गाद्या! वाचलात तर पदक आणि 'मित्रांना आव्हान द्या'. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते मी आयुष्यभर नुसतं ऐकत आलो होतो. इथं ते चमच्यानं वाढलं जात होतं. आमच्या कँटीनमध्ये माणसं कपबशा बाजूला सारून कोण आधी बाहेर पडतो याच्या पैजा लावत होती.

"काका, तुमचं काय झालं?" भाचेसाहेबांनी जाताजाता विचारलं.

"मेलो," मी म्हणालो.

"मग पुन्हा खेळा ना!" असं म्हणून ते मनापासून हसले.

त्यानंतरच्या आठवड्यात चौकीदाराची मुलगी आली. तक्रारी घेऊन येणाऱ्यांना स्वागतकक्षातून माझ्याकडे पाठवतात. ती एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करायची आणि अंगावर तोच पांढरा कोट होता. तिनं बसायला नकार दिला.

"तुमचा तो खेळ कोणी केला, त्यांना मला भेटायचंय."

"काय तक्रार आहे, मला सांगा बाई."

"माझ्या मुलाला वर्गातली पोरं 'कुलूप' म्हणतात. खेळात मागचं दार बंद आहे. तिथं लिहिलंय, चौकीदार किल्ली घेऊन गेला, दुसरी किल्ली शोधा. कुठं गेला माझा बाप किल्ली घेऊन? शेजारीण काल जिन्यात म्हणाली, बिचाऱ्या त्या बायका, चौकीदार पळाला नसता तर... रडत सांगत होती हो मला. मलाच!"

मी तिला ताईंकडे नेलं. खोकं अजून टेबलावरच होतं. मुलीनं वाकून बघितलं. पुठ्ठ्याचं दार उघडं होतं आणि मागे काडेपेट्या रचलेल्या होत्या.

"इथं तर बरोबर केलंय तुम्ही," ती म्हणाली. "मग फोनमध्ये का नाही?"

ताईंचा शेंगदाण्याचा हात तोंडाशी थांबला. त्या बोलल्या ते हळू आणि सलग, आपल्यालाच सांगितल्यासारखं.

"गठ्ठे फार होते. साध्या फोनवर खेळ अडखळत होता, म्हणून गठ्ठे काढले. गठ्ठे काढल्यावर सगळे लगेच मागून बाहेर पडायला लागले. खेळात काही दमच राहिला नाही. म्हणून... दार मी बंद केलं."

"आणि किल्ली?"

"दार बंद केलं की खेळणाऱ्याला किल्ली शोधायला द्यावी लागते."

"म्हणजे खेळात दम यावा म्हणून माझ्या बापानं पळून जायचं?"

मी हिशेबातला माणूस. एक आकडा चुकला की तो झाकायला दुसरा चुकवावा लागतो, हे मी पुष्कळ पाहिलंय. पण इथं त्या आकड्याला नातू होता. ताईंची मला त्या वेळी दया आली नाही, किळसच आली, आणि ती त्यांच्या चेहऱ्यावरही माझ्याइतकीच स्पष्ट दिसत होती.

त्या उठल्या आणि तडक भाचेसाहेबांच्या खोलीत गेल्या. मुलगीही गेली. मग मीही गेलो.

भाचेसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस उद्धट नव्हता. मुलीला त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं. "आम्हाला वाईट वाटतं," ते म्हणाले. "पण खाली लिहिलंय बघा, सत्य घटनेवर आधारित काल्पनिक खेळ."

"कुठं?" मुलीनं फोन पुढे केला. त्यांनी तिच्या फोनवर ते वाक्य शोधलं. त्यांनाही पटकन सापडलं नाही.

"दार उघडून गठ्ठे परत घालते," ताई म्हणाल्या. "आणि सुरुवातीलाच लिहिते, की आम्ही खोटं दाखवलं."

"मग जिंकायचं कसं?"

"नाही जिंकता येणार."

"अहो, जिंकता येत नाही तो खेळ कोण उघडेल? असं करू, गादीवाल्यांचा एवढा आठवडा संपू द्या. नंतर आपण खेळ गुपचूप काढून टाकू. कुणाला आठवणारही नाही."

"माझ्या मुलाच्या वर्गाला आठवेल," मुलगी म्हणाली. पाण्याचा पेला तसाच ठेवून ती उठली.

ताईंनी त्याच दुपारी कुणालाही न विचारता खेळ बदलला. उघडला की आधी काळा पडदा यायचा. 'चौकीदार पळाला नव्हता. तो वर आला आणि त्यानं हे दार उघडलं. ते मी, हा खेळ करणारीनं, बंद केलं.' खाली त्यांचं पूर्ण नाव. पडदा वगळून पुढे जायचं बटण त्यांनी ठेवलंच नव्हतं. संध्याकाळच्या आत भाचेसाहेबांनी जुना खेळ परत चढवला आणि ताईंचा संगणक बंद करायला लावला. संपादकांना लाज वाटली असावी. त्यांनी आतल्या पानावर, हरवले-सापडलेच्या खाली, दोन ओळींचा खुलासा छापला. ज्यानं खेळ खेळला तो ते पान उघडत नाही, आणि ते पान जो वाचतो त्यानं खेळ कधी खेळलाच नव्हता.

राजीनाम्यानंतर ताईंचं ओळखपत्र परत घ्यायचं काम माझं. त्या आल्या त्या बुटांचं खोकं काखेत मारून.

"हे कंपनीचं आहे का हो काका?"

"बटणं कुणाची?"

"माझ्या नवऱ्याच्या जुन्या शर्टांची आणि कोटाची."

"मग न्या," मी म्हणालो. "आणि जाताय कुठं?"

"शाळेत. तिच्या मुलाच्या. वर्गशिक्षिकेशी बोललेय. येता?"

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. ज्या कचेरीत मी आयुष्य काढलं, तिच्या दारातून त्या दिवशी बाहेर पडताना मोकळं वाटलं, हे लिहायला मला मुळीच आवडत नाही.

वर्गात बाकं भिंतीला सारली होती. ताई फरशीवर मांडी घालून बसल्या, खोकं मधे ठेवलं आणि प्रत्येक पोराला एकेक बटण दिलं. काळं बटण त्यांनी चौकीदाराच्या नातवाला द्यायला हात पुढे केला. त्यानं मान हलवली. तेव्हा 'कुलूप' हे नाव पहिल्यांदा ज्यानं काढलं होतं, तो दांडगा मुलगा म्हणाला, "मला द्या."

"हा खाली असतो," ताई म्हणाल्या. "बाकीचे वर. पुढचा जिना पेटलाय. याला बाहेर पळता येईल. काय करशील?"

पोरानं खोक्यावर वाकून विचारलं, "वर काय आहे?"

"मागचं दार. किल्ली तुझ्याकडे आहे."

त्यानं काळं बटण वर सरकवलं आणि नखानं पुठ्ठ्याचं दार उघडलं. "सुटले सगळे!" तो ओरडला. पोरांनी आपापली बटणं दाराकडे ढकलली. ती काडेपेट्यांना अडून एकावर एक चढली. कुणीतरी एक काडेपेटी ओढली, तर वरची खाली आली.

"ह्या काढा ना," दांडगा म्हणाला.

"काढ की. तू काळं बटण आहेस."

तो एकेक ओढत राहिला. ताईंनी हातानं एकेक बटण उलटं करायला सुरुवात केली. शेवटी त्याचंही बटण उलटं झालं, तरी त्याच्या चिमटीत काडेपेटी होतीच.

"ह्या कुणी ठेवल्या तिथं?"

"कारखान्याच्या मालकानं."

"आणि फोनमध्ये दार बंद कुणी केलं?"

"मी," ताई म्हणाल्या.

त्यानं त्यांच्याकडे बघितलं, मग नातवाकडे. नातू खोक्याकडे बघत होता. त्यानं वाकून ते काळं बटण उचललं आणि मुठीत धरलं.

"हा खेळ चांगला नाहीये," दांडगा म्हणाला.

"नाहीच आहे," ताई म्हणाल्या, आणि उरलेली बटणं गोळा करायला लागल्या. काळं त्यांनी परत मागितलं नाही.