अक्कांची कण्हेर

अक्कांच्या फाटकातून आत पाऊल टाकलं की आधी ताकीद मिळे, "कण्हेरले हात लावू नको." चुकून लागलाच, तर साबणानं हात धुतल्याशिवाय चहा मिळत नसे. पिंप्राळ्यातल्या आमच्या या शेजारीण मूळच्या पारोळ्याकडच्या. गुलाबी कण्हेरीचं कुंपण त्यांनी हौसेनं लावलेलं. पाणी कमी लागतं, शेळी तोंड लावत नाही आणि श्रावणात घरी बसणाऱ्या कानबाई देवीला फुलं घरचीच. त्यांच्या घरी कण्हेरीशिवाय कानबाई बसतच नसे. "देवले चालस, पोटले नई," हे त्यांनी गल्लीत इतक्यांदा ऐकवलं होतं, की मला वीट आला होता.

हिवाळ्यात गल्लीची भरीत पार्टी ठरली. आमच्याकडे भरताचं वांगं गॅसवर भाजणं म्हणजे वांग्याचा अपमान. कपाशीच्या वाळल्या काड्याच हव्यात. त्या अक्कांच्या अंगणातून आणल्या. वांगी भाजून, ठेचून झाली. माझ्या लेकीला कुठला धीर? पंगत बसण्याआधीच ती भरीत खाऊ लागली.

तेवढ्यात अक्का धावत आल्या. अंगणातली एक मोळी त्यांना दिसत नव्हती.

"कोणी खाऊ नका. बठ्ठं फेका. जाळामा कण्हेरनी मोळी गयी. मीच बांधेल व्हती."

कुंपण छाटून वाळवलेल्या फांद्या त्यांनीच कपाशीच्या काड्यांशेजारी ठेवल्या होत्या. जन्मभर दुसऱ्यांना बजावणाऱ्या बाईनं सगळ्या गल्लीसमोर स्वतःची चूक सांगितली. मला मात्र तेव्हा त्यांचं तोंडही बघवेना. लेकीला उचलून मी दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी तिच्या छातीला वायरी लावल्या. कण्हेरीचा धूरही विषारी, ठोके अनियमित होऊ शकतात, लक्ष ठेवावं लागेल, म्हणाले. पोर मळमळतंय म्हणून रडत होती. अक्का मागोमाग रिक्षानं आल्या आणि दाराबाहेर उभ्या राहिल्या. बसा म्हणायची इच्छा मला झाली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी धोका टळल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा त्या भिंतीला धरून खाली बसल्या. माझा राग तिथंच ओसरला.

घरी जाऊन त्यांनी सगळं कुंपण मुळासकट उपटवलं. तोडा असं त्यांना कुणीही म्हटलं नव्हतं.

श्रावणात त्यांची जाऊ आली. ओकं अंगण बघून धसकलीच. कण्हेरीवाचून कानबाई बसेल कशी, म्हणाली. अक्का माझ्या लेकीची वेणी घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,

"बसी. रागावनी तं मन्हावर रागावी, पोरवर नई."