काय झालं न्हाय ते सांग

“काय काय झालं ते सांगू नगंस. काय झालं न्हाय, तेवढं सांग.” पहिल्याच मीटिंगला आक्का असं म्हणाली आणि मी हबकलेच. पूर्ण झालेल्या कामांची रंगीत यादी मी हौसेनं करून नेली होती. तिनं ती उघडलीसुद्धा नाही.

आक्का निपाणीची. तिची आई तंबाखूच्या वखारीत राबली. आक्का शिकली आणि बेळगावातल्या आमच्या लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर झाली. मी कडोलीहून बसनं येणारी प्रोग्रामर. मला प्रोजेक्ट सांभाळायला शिकवायचं तिनं आपणहून अंगावर घेतलं.

निपाणीच्या एका हॉस्पिटलचं काम आलं, तेव्हा तिनं मला दोन दिवस नुसतं नोंदणीच्या टेबलाशी बसवलं. “सिस्टर काय करत्यात ते बघ. तोंड उघडू नगंस.” सिस्टरचा एक हात सदा फोनमध्ये अडकलेला. आमचा फॉर्म एका हातानं भरताच येत नव्हता. महिनाभर खपून केलेला तो फॉर्म आक्कानं मला पुन्हा पहिल्यापासून करायला लावला.

सिस्टीम सुरू करायच्या आदल्या दिवशी तिनं विचारलं, “तपासणी पुरी झाली?”

एकाच नावाचे दोन पेशंट आले तर काय होतं, हे तपासायचं राहिलं होतं. पण तारीख ठरली होती, पाहुणे यायचे होते. मी म्हणाले, “झाली.”

सकाळी सगळे डॉक्टर जमले. आक्कानं सिस्टरना सहज सांगितलं, “एकाच नावाच्या दोन बायका घाला बघू.” सिस्टरनी घातल्या. मग पहिलीची नोंद उघडली, तर तिच्या नावापुढं दुसरीचा रक्तगट!

“अहो, हिला हे रक्त चढवलं असतं तर?” सिस्टर ओरडल्या.

आक्का शांतपणे म्हणाली, “आज हे सुरू हुणार न्हाय. तपासणी ऱ्हायली. चूक माझी.” माझ्याकडं तिनं पाहिलंही नाही. परतताना गाडीत एवढंच म्हणाली, “सांगितलं असतंस, तर तारीख पुढं गेली असती. दुसरं काय झालं असतं गं?”

दोष तीन आठवड्यांत दुरुस्त झाला. पण हॉस्पिटलवाल्यांनी मॅनेजर बदलून मागितला. आमच्या साहेबांनी आक्काला त्या कामावरून काढलं आणि तिच्या जागी मला बसवलं! महिन्याभरात ती राजीनामा देऊन हुबळीला गेली. मी अभिनंदनं घेत राहिले. जेवण मात्र जाईना.

ती गेल्यावर आठ दिवसांनी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. “सर, तपासणी मी केली नव्हती. आक्काशी खोटं बोलले.”

साहेबांनी समोरचा लॅपटॉप मिटला. मग म्हणाले, “जाताना आक्का म्हणाल्या होत्या, ‘एक पोरगी कायतरी सांगायला येईल. तिला रागवू नगासा.’ मी नाव विचारलं. त्यांनी सांगितलं नाही.”