मर्सी हॉल

माणिकपूरला बॅप्टिस्टचं लाद्यांचं दुकान. गावात मात्र त्याला लाद्यांपेक्षा कामांसाठी ओळखत. आधी तो सरपंच होता; पंचायत महानगरपालिकेत गेली, तरी गटाराचं झाकण तुटलं की लोक त्याच्याच दारात येत.

मर्सी, त्याची बायको, गेली तेव्हा तिच्या नावाने गावाला हॉल द्यायचा असं त्याने ठरवलं. जागा निवडली बावखलाची. विहिरी जिवंत ठेवणारं, पावसाचं पाणी पोटात घेणारं ते जुनं तळं. मर्सी संध्याकाळी तिथेच काठावर बसायची, म्हणून तीच जागा. त्याने तळं मातीने भरलं, वर हॉल बांधला आणि त्यात दुकानातल्या सर्वांत चांगल्या लाद्या बसवल्या. ती ज्याच्या काठावर बसायची ते तळंच आपण बुजवतोय, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

पुढे दर पावसाळ्यात पाणी घरांत शिरू लागलं. यंदाच्या पावसानंतर, रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर, त्याच हॉलमध्ये सभा बसली.

"काका, तुमच्यावर राग नाही," मोगऱ्याची बाग करणारा फ्रान्सिस म्हणाला. "पण नऊ दिवस पाणी उभं होतं. सगळा मोगरा कुजला."

"पुढच्या लग्नाला वऱ्हाड होडीतून आणू," मागून रॉकी बोलला. दोघेतिघे हसले आणि बॅप्टिस्टकडे बघून गप्प झाले.

हॉल पाडून बावखल पुन्हा खणायचं, असा ठराव होता. हॉल गावासाठी असला तरी कागदावर अजून बॅप्टिस्टच्याच नावावर होता. त्याची सही नसती तर कागद तिथेच राहिला असता.

"पप्पा, तुम्ही नाही म्हणा," त्याची मुलगी बेटी हळूच म्हणाली. "कोणी पुढे बोलणार नाही. मम्मीचं दुसरं काय उरलंय आपल्याकडे?"

"म्हणूनच ते मला आधी विचारतायत गं. पण लोकांच्या घरांत पाणी शिरतंय," तो म्हणाला आणि सही केली. बेटी उठून बाहेर गेली. त्यानंतर ती त्याला जेवण वाढी, पण बोलत नसे.

हॉल पाडायच्या दिवशी ती आली नाही. बॅप्टिस्ट एकटाच आत फिरून आला. नावाची पाटी त्याने आदल्या दिवशीच उतरवली होती. भिंतीवर तेवढा चौकोन पांढरा राहिला होता.

"आत काही राहिलं नाही ना, शेठ?" मशीनवाल्याने विचारलं. "हात करा, सुरू करतो."

बॅप्टिस्टने हात वर करायचा प्रयत्न केला. शेजारी फ्रान्सिस उभा होता.

"तू सांग त्याला, फ्रान्सिस," तो म्हणाला. "माझ्याच्याने होत नाही."